घडीचं जाळीचं कुंपण: एक पुरत नाही

खोक्यावर एक फोटो आहे. जाळीच्या अलीकडे मोठा पांढरा ससा, पलीकडे मुठीएवढं पिल्लू, आणि दोघांची नाकं जाळीतून एकमेकांना टेकलेली. खाली लिहिलंय, ‘नव्या सोबत्याशी सुरक्षित ओळख’. मी तो फोटो बघून भुललो, आणि फोटोत दाखवलंय तसंच करायला गेलो म्हणून आमच्या पिल्लाचा ओठ फुटला. त्यामुळे हा अभिप्राय थोडा लांबणार आहे. वस्तू वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे गेला ते पुढे कळेल.

मी फर्निचरचं काम करतो. कुंपण विकत आणलं तेव्हा बायको म्हणाली, “अहो, जगाची कपाटं करता आणि घरच्या सशाला विकतचं?” प्रश्न रास्त होता. पण सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. समोरचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजवायला त्याला सतत काहीतरी कुरतडायला लागतं, आणि मी केलेली कुठलीही चौकट ही त्याच्या दृष्टीने फराळाचं ताट. प्लायवूड तर नकोच, त्यात गोंद असतो. म्हणून लोखंडी जाळी.

आता घरातली मंडळी. सगुणा पाच वर्षांची, वजन २ किलो ४००, नसबंदी झालेली मादी. तिचा जोडीदार गेल्या वर्षी म्हातारपणाने गेला. त्यानंतर ती जेवायची, फिरायची, पण दिवसातला बराच वेळ भिंतीला पाठ लावून बसून असायची. ससा कळपातला प्राणी. रानात तो बिळांच्या अख्ख्या वसाहतीत राहतो, एकटा नाही. मुलीने हट्ट धरला आणि नऊ आठवड्यांचं पिल्लू घरी आलं. वजन ६५० ग्रॅम, रंग राखाडी, कान अजून अंगापेक्षा मोठे. देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, “मादी आहे.” नाव ठेवलं चिंगी. या नावाचं पुढे काय झालं ते सांगतो.

तर कुंपण. आठ पल्ले, प्रत्येक ६० सेंटीमीटर रुंद आणि ९० उंच, काळं पावडर कोटिंग. पल्ले एकमेकांना बिजागऱ्यांनी जोडलेले नाहीत. कडांना तारेच्या गोल कड्या आहेत आणि त्यातून वरून लांब सळई सोडायची. ही रचना मला मनापासून आवडली. सळई काढली की पल्ला सुटा होतो, हवा तिथे जोडता येतो, आणि दोन संच एकत्रही गुंफता येतात. चौकोन केला तर आत १.२ बाय १.२ मीटर, म्हणजे १.४४ चौरस मीटर जागा मिळते. तेच आठ पल्ले अष्टकोनात लावले तर जागा साधारण पावणेदोन चौरस मीटर होते. पल्ले तेवढेच, जागा जास्त. बहुतेक लोक सवयीने चौकोनच करतात.

वेल्ड तपासले. उभ्या-आडव्या गजांचे सांधे पक्के आहेत, कुठे काटा राहिलेला नाही. बोट फिरवून पाहिलं, मग जुना नायलॉनचा मोजा फिरवून पाहिला. मोजा अडकला नाही. गुण्या लावला तर दोन पल्ले अंमळ तिरके निघाले, पण त्याने सशाचं काही अडत नाही, माझंच डोकं दुखतं.

गजांमधली फट सगळीकडे तीन सेंटीमीटर. मोठ्या सशाला उत्तम, पिल्लाला जेमतेम. दाराच्या पल्ल्यात मात्र घोळ आहे. दार आणि चौकट यांच्यामध्ये, बिजागरीच्या बाजूला, खाली जवळपास पाच सेंटीमीटर मोकळी जागा सुटते. पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून पिल्लू जातं, बाकीचं अंग म्हणजे केस आणि हवा. पहिल्याच रात्री चिंगी त्या फटीतून बाहेर. पहाटे मी गेलो तर कुंपण रिकामं, दाराची कडी जशीच्या तशी, आणि बाईसाहेब गवताच्या पोत्यामागे झोपलेल्या. नशीब, तेव्हा ती वेगळ्या खोलीत होती. सगुणाच्या खोलीत असती तर मला हे असं हसतखेळत लिहिता आलं नसतं. त्या दिवशी खालच्या फूटभर उंचीला बारीक जाळी केबल टायने बांधली. टायची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवा आणि अगदी मुळाशी कापा, नाहीतर तेच चघळतात. खरं तर हे काम कारखान्यात व्हायला हवं होतं. अर्धा तारा इथे गेला.

वेगळ्या खोलीचं सांगायला हवं. नवं जनावर घरी आलं की पहिले चौदा दिवस जुन्याला त्याची हवाही लागू द्यायची नाही. खरूज, कानातले किडे, पिल्लांच्या आतड्यातला कॉक्सिडिया नावाचा परजीवी, असलं काही बरोबर आलं असेल तर तेवढ्या दिवसांत बहुतेक कळतं. आम्ही लेंड्या तपासून घेतल्या, आधी सगुणाचं खाणंपिणं आवरून मग चिंगीकडे जायचो, हात धुवायचो, शर्टसुद्धा बदलायचो. मुलीला हा अतिरेक वाटला. वाटू दे.

चौदा दिवस संपले आणि मी खोक्यावरचा फोटो प्रत्यक्षात आणला. सगुणाच्या खोलीत कुंपणाचा चौकोन, आत चिंगी, बाहेर सगुणा मोकळी. पहिले दोन दिवस सगुणाने जाळीकडे पाठ फिरवली. सशाने पाठ करून बसणं म्हणजे अबोला. तिने आणखी एक केलं, जाळीला लागून बाहेरच्या अंगाने लेंड्यांची सरळ ओळ घातली. विखुरलेल्या नव्हे, ओळ. बांधावर दगड लावावेत तशी. मी झाडून काढायचो, तासाभरात ती पुन्हा हजर. खोलीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे ते तिने लिहून दिलं होतं, मलाच वाचता आलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी दोघी जाळीपाशी आल्या. पिल्लाने नाक बाहेर काढलं. मुलगी मोबाइल काढून फोटो घ्यायच्या तयारीत. सगुणाचे कान मागे गेले, शेपटी वर झाली, आणि खटकन आवाज झाला. पिल्लू किंचाळलं. ससा सहसा आवाज करत नाही, त्यामुळे तो एकदा ऐकलेला विसरत नाही. वरच्या ओठाला चीर पडली होती. काळ्या गजावर रक्ताचा एकच थेंब होता, मोहरीएवढा. डॉक्टरांनी स्वच्छ केलं, टाका लागला नाही, पण म्हणाले, “नाकाचा तुकडा गेलेले ससे मी पाहिलेत. एका जाळीने जनावर वेगळं होतं, दात वेगळे होत नाहीत.”

‘सशाचं काळीज’ हा शब्दप्रयोग ज्याने काढला त्याने आपल्या जागेत बसलेली पाच वर्षांची मादी पाहिलेली नसावी.

माझी तक्रार इथे आहे. कुंपण तुटलं नाही, वाकलं नाही, त्याने त्याचं काम केलं. पण खोक्यावर जो वापर दाखवलाय तोच घातक आहे. नाकाला नाक टेकण्याचं अंतर हे ओळखीचं अंतर नाही, चावण्याचं आहे. शिवाय सशाला जवळपास चहूबाजूंचं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं दिसत नाही. तिथे त्याला आंधळा ठिपका असतो. एवढ्या जवळ आलेलं पिल्लू सगुणाला धड दिसतही नसणार, फक्त परका वास. पूर्ण एक तारा त्या फोटोला कापला.

यावर उपाय एकच, दोन जाळ्या आणि मध्ये अंतर. अंतर किती ठेवायचं? लोक चार बोटं म्हणतात. मी मोजलं. तीन सेंटीमीटरच्या फटीतून सगुणाचं तोंड साधारण तीन सेंटीमीटर बाहेर येतं, पिल्लाचं त्याहून जास्त, कारण ते बारीक. म्हणजे दोन्हीकडून मिळून सात. चार बोटं म्हणजेही सातच. सुताराने एवढ्या नेमक्या मापात समाधान मानू नये. जाळी ढकलली की ती सरकते, तोही हिशेब धरायला हवा. मी बारा ठेवले.

आता एका संचात हे बसतं का? पिल्लाचा कोपरा खोलीच्या दोन भिंतींचा आधार घेऊन केला, म्हणजे उरलेल्या दोन बाजूंना दोन-दोन असे चार पल्ले लागले. त्याच्या बाहेरून दुसरी जाळी घ्यायची तर तिची प्रत्येक बाजू आतल्यापेक्षा बारा सेंटीमीटर जास्त लांब हवी. उरलेत चारच पल्ले, म्हणजे दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटीमीटर कमी पडतात. तिथे फळी ठोकली असती तर सगुणाने ती आठवड्यात संपवली असती. मुकाट्याने दुसरा संच आणला. बाहेरच्या बाजूला तीन-तीन पल्ले थोडे वाकवून लावले, आणि दोन जाळ्यांमध्ये बारा सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे टाकले. ते उंचावर, दोघींच्याही दातांच्या टप्प्याबाहेर होते, म्हणून लाकूड चाललं. गुळगुळीत फरशीवर हे कुंपण सरकतं, बुडाला रबर नाही. सगुणाएवढा ससा मनात आणेल तर अख्खी बाजू वीतभर ढकलतो. ठोकळ्यांनी तेही थांबलं. कंपनीने आठ रबरी टोप्या खोक्यात टाकल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

बारा सेंटीमीटरचा फरक लगेच दिसला असं नाही. पण साताठ दिवसांत लेंड्यांची ओळ तुटक झाली.

याच सुमारास बारा आठवड्यांच्या पिल्लाला डॉक्टरांकडे वजनाला नेलं. त्यांनी उलटं धरलं, पाहिलं, हसले. चिंगीचा चिंग्या झाला. हे इतकं नेहमीचं आहे की त्यात देणाऱ्याला दोष द्यायलाही लाज वाटते. इतक्या लहान पिल्लात नर-मादी ओळखणं कठीणच असतं, आणि नराच्या गोळ्या दहा-बारा आठवड्यांनंतरच खाली उतरायला लागतात. पण परिणाम मोठा होता. सगुणाची नसबंदी झालेली होती म्हणून बरं. तशी नसती तर तीन-साडेतीन महिन्यांपासून पिल्लांचा धोका होता, आणि सशाची मादी महिन्याभरात विते, व्यायल्याबरोबर पुन्हा गाभणही राहू शकते. ज्यांच्या घरी ‘दोन्ही माद्याच आहेत’ असं कोणी सांगितलंय त्यांनी एकदा उलटं धरून बघून घ्यावं, स्वतः नाही, डॉक्टरांकडून.

बेत सगळा बदलला. मला वाटत होतं, पिल्लू लहान आहे तोवरच दोघींना एकत्र टाकावं, लहानपणी गट्टी लवकर जमते. डॉक्टरांनी ते खोडलं. लहान पिल्लू कुणाशीही गट्टी करतं, त्या गट्टीला अर्थ नसतो. तीन-चार महिन्यांचं झालं, अंगात वारं शिरलं, की तेच पिल्लू मोठ्याच्या अंगावर जातं आणि महिनाभर एकत्र झोपलेले ससे एका दुपारी एकमेकांना फाडतात. आणि एकदा अशी मोठी मारामारी झाली की पुन्हा जमवणं नव्या ओळखीपेक्षा अवघड. म्हणून थांबायचं. साडेचार महिन्यांचा झाला की त्याची नसबंदी, आणि नंतरही सहा आठवडे अंगातले रस ओसरेपर्यंत वाट पाहायची. म्हणजे जे कुंपण मी आठवडाभरासाठी आणलं ते तीन महिने खोलीत उभं राहणार होतं. वस्तूची खरी परीक्षा त्या तीन महिन्यांत झाली.

रंग टिकला. सगुणाने एकच गज धरून ठेवला होता, दारापासून तिसरा. रोज पहाटे आणि दिवेलागणीला, म्हणजे सशांच्या फिरण्याच्या वेळांना, ती तोच चावायची. तिथलं काळं कोटिंग नखाएवढं उडालं, खाली लोखंड दिसलं. मी तिथे एक जाड पुठ्ठ्याची नळी अडकवली. गज सोडून ती नळीच्या मागे लागली, दर दोन दिवसांनी नवी. जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळ्या बाजारात असतात, त्या चावणाऱ्या जनावरासाठी मी घेणार नाही. जस्त पोटात जाणं बरं नव्हे.

आवाज ही मोठी कटकट. सळई कड्यांमध्ये सैल असते. रात्री तीनला चिंग्याने जाळीवर पुढचे पाय ठेवले की खणखण. त्याला उत्तर म्हणून सगुणा मागचा पाय आपटायची, धप्. मग चिंग्या दचकून पळायचा, पुन्हा खणखण. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा विचारलं, “रात्रीचं काम घेता का हल्ली?” प्रत्येक सळईला वर आणि खाली सुती दोरीचे दोन वेढे दिले, मग निजानीज झाली.

उंची ९० सेंटीमीटर पुरेशी आहे, असं मी महिनाभर सांगत होतो. मग चार महिन्यांच्या चिंग्याने त्याच्या लपण्याच्या खोक्यावर चढून तिथून उडी घेतली. चूक माझी, खोका जाळीला लावून ठेवला होता. पायरी मीच दिली. तो पडला दोन जाळ्यांच्या मधल्या बारा सेंटीमीटरच्या गल्लीत, आणि तिथे अडकून गप्प बसून राहिला. एका बाजूला त्याचं घर, दुसऱ्या बाजूला काकू. काकू टक लावून बघत होत्या. काढायला गेलो तेव्हा त्याचं काळीज माझ्या तळहातात कसं धडधडत होतं ते अजून आठवतं. तेवढी गल्ली नसती तर तो सरळ तिच्या पुढ्यात पडला असता. खोका मध्यभागी सरकवला, आणि त्याला दोन तोंडं केली. एकाच दाराचा खोका दोन सशांत कधी ठेवू नये, आतला कोंडीत सापडतो.

तीन महिने नुसतं कुंपण उभं करून बसलो नाही. दिवसाआड दोघांचे ट्रे बदलायचो, तिचा त्याच्याकडे, त्याचा तिच्याकडे. पहिल्यांदा चिंग्याचा ट्रे ठेवला तर सगुणाने त्यातला कागदाचा भुगा पायांनी उपसून खोलीभर केला. मग जागाच बदलू लागलो. दोन तास ती कोपऱ्यात, तो मोकळा. इथे सुट्या होणाऱ्या पल्ल्यांचा फार उपयोग झाला. दोन सळया काढल्या की वाट तयार, उचलाउचल नाही. उचललेलं सशांना आवडत नाही, आणि धडपडून जोरात लाथ मारली तर त्यांचा कणा मोडू शकतो, इतकी त्यांची हाडं हलकी. खाणं वेगळं ठेवण्यालाही कुंपणाची मदत झाली. वाढत्या पिल्लाला लसूणघास चालतो, मोठ्याला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं, त्याला साधं वाळकं गवत. सगुणा मात्र रोज जाळीला तोंड लावून शेजाऱ्याच्या ताटाकडे बघायची. पुढे मी दोघांचं गवत मधल्या गल्लीच्या दोन बाजूंना समोरासमोर ठेवायला लागलो. परक्याच्या वासात जेवायची सवय. पहिल्यांदा तिने तोंडात काडी तशीच धरून ठेवली, चावेना. मिनिटभराने चावली.

मधेच एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिला. दोघांना एका टोपलीत घाला, गाडीतून अर्धा तास फिरवा, घाबरून आपोआप चिकटतात. चिकटत असतीलही. आमच्या धंद्यात दोन फळ्या क्लॅम्पमध्ये आवळल्या की गोंद न लावताही एकच दिसतात. क्लॅम्प काढल्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे. सशांची अशी ससेहोलपट करून जमवलेली दोस्ती मला नको होती.

चिंग्याची नसबंदी नीट पार पडली. सशाला उलटी होत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायचं नसतं, एवढं लक्षात ठेवा, कुणी ठेवायला सांगितलं तर पुन्हा विचारा. संध्याकाळी त्याने गवताची पहिली काडी खाल्ली आणि आम्ही जेवलो.

सहा आठवड्यांनी खरी भेट. शेजाऱ्यांची एक रिकामी खोली मिळाली, जिथे दोघांपैकी कुणी कधी पाय ठेवला नव्हता. तिथे जुनी सतरंजी अंथरली, सशाच्या तळपायाला गादी नसते, केस असतात, गुळगुळीत फरशीवर ते घसरतात आणि घसरणारा ससा घाबरतो. वर आठ पल्ल्यांचा चौकोन. गवताचे दोन ढीग, पाण्याची दोन भांडी. माझ्या हातात कामाचे चामडी हातमोजे. उघडा हात मध्ये घालू नका, मारामारीत त्यांना माणूस दिसत नाही.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं. चिंग्या, आता १ किलो ९०० ग्रॅमचा गडी, सरळ जाऊन तिच्यावर चढला. नसबंदी झाली तरी चढतात, तो प्रश्न वासनेचा नाही, वर कोण याचा असतो. पाठीमागून चढला तर दहा-पंधरा सेकंद राहू द्यावं. पण गाढव तोंडाच्या बाजूने चढला. हे लगेच सोडवायचं, कारण खालच्याचे दात वरच्याच्या नको त्या जागी येतात. मी हातमोज्याने त्याला बाजूला केलं. मग सगुणाने पाठलाग केला, केसांचा एक पुंजका तोंडात घेऊन परत आली, आणि तो थुंकला. पुंजका निघणं ठीक. दोघं एकमेकांच्या शेपटीमागे गोल गोल फिरायला लागले की मात्र पुढच्या सेकंदाला भडका असतो. दुसऱ्या दिवशी तसं एकदा झालं, मी मध्ये पुठ्ठा सारला आणि त्या दिवशीचं दुकान बंद केलं.

चौकोन मला तेव्हाच खुपला. कोपरे चार, आणि पळणारा ससा कोपऱ्यातच शिरतो. तिसऱ्या दिवसापासून अष्टकोन केला. पळता पळता अडकायला जागा नाही, वळून पुढे जाता येतं. पाठलाग तेवढेच, पण ते संपू लागले. आठव्या दिवशी दोन्ही संच गुंफले, सोळा पल्ले. इथे साधा चौकोन केला तरी पावणेसहा चौरस मीटर होतात, त्यामुळे कोपरे एवढे जाचत नाहीत. कड्या आणि सळया दोन्ही संचांच्या तंतोतंत जुळल्या. ही बाब छोटी वाटते, पण दोन वेगळ्या महिन्यांत घेतलेल्या लोखंडी मालात असं क्वचित घडतं. कारागिराला सलाम.

नवव्या दिवशी दोघं समोरासमोर आले, आणि दोघांनीही मान खाली घातली. सशांच्या भाषेत मान खाली घालणं म्हणजे ‘मला चाट’. कोण कोणाला चाटणार? चार मिनिटं दोघं तसेच, नाकं सतरंजीला टेकलेली, कपाळात तळहाताचं अंतर. मुलीने वहीत वेळ लिहिली आहे, ६.१२ ते ६.१६. शेवटी सगुणाने मान उचलली, चिंग्याच्या कपाळावर जीभ फिरवली, दोनदा, आणि लगेच त्याचा कान हलकासा चावला. आधी आशीर्वाद, मग तंबी. तो हलला नाही.

बाराव्या दिवशी सगुणा अचानक धपकन आडवी झाली, पाय ताठ, डोळे अर्धे उघडे. मुलगी ओरडली, “बाबा, मेली!” मेली नव्हती. पूर्ण निर्धास्त असला की ससा असाच कोलमडतो. वर्षभरात पहिल्यांदा ती असं झोपली. चिंग्या तिच्या पोटाशी जाऊन बसला आणि तिथलंच गवत खायला लागला.

घरच्या खोलीत परत नेताना सगळं धुऊन पुसून घेतलं, सामान हलवलं, जुने वास काढले. पहिले पाच दिवस रात्री पुन्हा दोन जाळ्या लावल्या. आता लावत नाही. एक संच कपाटामागे घडी करून ठेवलाय. घडी दहा सेंटीमीटरचीही होत नाही, हे खोक्यावर लिहिलंय आणि ते खरं आहे. तो टाकायचा नाही. डॉक्टरांकडे आम्ही दोघांनाही एकत्रच नेतो, कारण एकटा गेलेला दवाखान्याचा वास घेऊन येतो आणि दुसऱ्याला तो परका वाटू शकतो. तरी कधी एकाला रात्रभर ठेवून घ्यावं लागलं तर त्याच संध्याकाळी बारा सेंटीमीटरची गल्ली लागेल. ठोकळे त्याच घडीत बांधून ठेवलेत.

घ्यायचं की नाही? दोन संचांची तयारी असेल तर घ्या. एकाच संचात भागवायचं असेल तर सशांच्या ओळखीसाठी घेऊ नका, एकट्या सशाला फिरायला अंगण म्हणून घ्या, तिथे हे पाचपैकी पाच. पिल्लू तीन महिन्यांच्या आतलं असेल तर आल्या दिवशीच दाराची फट बुजवा, रात्र होण्याआधी. कंपनीचं कुणी वाचत असेल तर खालच्या फूटभरात गज दाट करा, बुडाला रबर द्या, आणि तो फोटो बदला. दोन जाळ्या आणि मध्ये ठोकळे असलेला फोटो हवा असेल तर आमच्याकडे आहे. त्यात सगुणा पाठ करून बसली आहे, तेवढं चालवून घ्या.